इहीणबाईंच्या मागून पळताना

परवा सकाळी दार उघडलं आणि तोंडातून वाफ निघाली. चार दिवसांपूर्वीपर्यंत पंखा लागत होता. आमच्याकडं थंडी अशीच येते, एका रात्रीत. गल्लीच्या तोंडाशी चहावाल्याच्या शेगडीभोवती दोन रिक्षावाले मफलर गुंडाळून उभे होते. कुणीतरी कडुनिंबाचा पाला पेटवला होता. तो धूर नाकात गेला आणि मी उंबऱ्यातच थांबले. पायात बूट होते, नाड्या बांधलेल्या होत्या, ओढणी कमरेला गाठ मारून घट्ट केलेली होती. जायचं तर होतंच. रोजच जाते. पण थंडीतला असा पहिला दिवस आला की मला घरातून निघायला जड जातं. सहा वर्षं झाली, अजून जातं.

मी पळते हे मी कुणाला आपण होऊन सांगत नाही. कुणी विचारलं तर फिरायला जाते म्हणते. पन्नाशी उलटलेली, चौथी शिकलेली बाई रोज सकाळी उस्मानपुऱ्यातून क्रांती चौकापर्यंत आणि पुढं उड्डाणपुलावरून पळत जाऊन येते, हे सांगताना मलाच लाज वाटते. पुलावर ओळखीचे चेहरे भेटतात. बँकेतून रिटायर झालेले एक काका हातातल्या घड्याळाकडं बघत पळतात. एक जाड बाई कानात वायरी घालून येते, तिच्या मागं तिचा नवरा पाण्याची बाटली धरून चालतो. एक जुने मास्तर आहेत, ते उलटे चालतात. सगळेच पहिल्यांदा डॉक्टरला भिऊन आलेले. पुढं कधीतरी भीती गेली आणि सवय राहिली. माझं तसं नाही. मला कुठला आजार नव्हता. मी आले ती कमलबाईंसाठी.

कमलबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. पुस्तकात विहीण लिहितात, आम्ही इहीण म्हणतो. माझी लेक वर्षा दोन गल्ल्या सोडून दिलेली आहे. लग्नात सगळे म्हणाले, बरं झालं, लेक डोळ्यासमोर राहील. जवळ दिलेल्या लेकीच्या आईला किती जपून राहावं लागतं, ते कुणी म्हणालं नाही. लांब दिली असती तर वर्षातून दोनदा गेले असते, मान खाली घालून बसले असते आणि परत आले असते. इथं भाजी आणायला गेलं तरी त्यांचं घर लागतं. फाटकात कुणी उभं असलं की पदर सावरायचा, हसायचं, दोन शब्द बोलायचे, तेही मोजून.

त्यांचं घर भरलेलं. गंगापूरकडं उसाची शेती, कमलबाईंचे मालक एसटीत कंडक्टर होते, मुलगा चांगल्या नोकरीत. आमचं तसं काही नव्हतं. माझा बाप लासूर स्टेशनच्या आसपास मेंढरं घेऊन फिरायचा. माझे मालक कंपनीत पाळीवर जातात. त्यांनी आमची मुलगी मागून घेतली, याचंच आम्हाला ओझं होतं.

लग्नाला सहा महिने झाले असतील. त्यांच्याकडं गंगापूरहून पाहुणे आले होते. पंगत बसली होती, कमलबाई स्वतः वाढत होत्या आणि वर्षा सगळ्यांसमोर सासूला म्हणाली, "आत्या, वरणात मीठ जास्ती झालंय." एवढंच. तिच्या मनात काही नव्हतं. कमलबाई वाढत राहिल्या. चार दिवसांनी वर्षा पिशवी घेऊन आमच्या दारात उभी. म्हणाली, आत्या म्हणल्या, थोडे दिवस आईकडं आराम कर. ते थोडे दिवस चाळीस झाले. शेजारच्या बायका विचारायच्या, कधी जायचीय, आणि मी म्हणायचे, जाईल आता. शेवटी माझे मालक त्यांच्या घरी गेले, हात जोडले आणि तिला सोडून आले. निघताना मी लेकीला सांगितलं होतं, "त्या घरात काही दिसलं तरी दिसलं म्हणायचं नाही." ते मी तिला सांगितलं, पण त्या चाळीस दिवसांत ते माझ्याच हाडात जाऊन बसलं होतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी कमलबाईंना शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. त्यांचे मालक आठ वाजेपर्यंत उठत नाहीत आणि सून घरात लागते. त्यांनी वर्षाजवळ निरोप धाडला: तुझ्या आईला म्हणावं, सकाळी सोबत या. मला सकाळी डबे करायचे असतात, आवरायचं असतं. पण मुलीच्या सासूनं या म्हटल्यावर नाही कसं म्हणणार. मी चारला उठून डबे करू लागले.

आम्ही चालायचो. त्या पुढं, मी एक पाऊल मागं. हे कुणी शिकवत नाही. मुलाच्या आईच्या आधी मुलीच्या आईनं ताटावर बसायचं नसतं, आधी पाणी प्यायचं नसतं, आहेरात तिच्याहून भारी लुगडं नेसायचं नसतं. रस्त्याचं वेगळं काय असणार. रस्ता कितीही रुंद असला, क्रांती चौकात त्या वेळी चिटपाखरू नसलं तरी मी एक पाऊल मागंच. त्या मान वळवून बोलायच्या, "इहीणबाई, मागं हाय का घरी गेल्या? बोला की काहीतरी." मी म्हणायचे, "हाय, हाय." त्या म्हणायच्या, "हाय तर शेजारी या. मानेला कळ लागायली माझ्या." मी अर्धं पाऊल पुढं यायचे आणि पुन्हा मागं जायचे.

पळणं सुरू झालं ते नळामुळं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठ-आठ दिवस वाट बघायची आणि येईल तेव्हा घरी हजर असायचं. त्या दिवशी आम्ही पुलाच्या पलीकडच्या टोकाला होतो. कमलबाईंचा फोन वाजला. पलीकडून वर्षा घाबरून म्हणत होती, "आत्या, नळ आलाय आन मोटार चालूच होईना." कमलबाईंनी फोन पदरात बांधला, दोन्ही हातांनी निऱ्या उचलल्या आणि पळत सुटल्या. मला काही कळलंच नाही. मीही निऱ्या उचलल्या आणि मागं पळाले. चपला फटफट वाजत होत्या. पुलावरचे काका बाजूला झाले. मास्तर उलटे चालत होते, त्यांना आम्ही समोरून येताना दिसलोच नाही, अगदी जवळ गेल्यावर दचकून कठड्याला टेकले आणि म्हणाले, "अहो ताई, कुत्रं मागं लागलं का?"

"नळ आलाय," कमलबाई पळता पळता म्हणाल्या.

"मग पळा, पळा," मास्तर म्हणाले.

हंडे, बादल्या, टाकी, सगळं भरून झालं तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. कमलबाई पायरीवर बसल्या होत्या, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, चेहरा लाल. मी फाटकाशी उभी. वर्षाला अजून मूलबाळ नव्हतं, आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत मी पाळायची. त्या मला बघून हसू लागल्या. मग मीही हसले. किती वेळ हसत होतो कोण जाणे. वर्षा दारात येऊन दोघींकडं बघत राहिली. तिनं तिच्या सासूला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"उद्या बी पळू का हो?" कमलबाई म्हणाल्या.

"उद्या पाणी नाय यायचं."

"पाण्यासाठी नाय. आसंच. लई दिवसांनी छातीत मोकळं वाटलं."

असं सुरू झालं. लोकांना वाटतं, पळायला लागणारा माणूस काही ठरवून लागत असेल. आम्ही काही ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी पायाच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. जिना उतरताना मी भिंत धरून उतरले. तिसऱ्या दिवशी कमलबाई म्हणाल्या, आज त्या खांबापासून त्या खांबापर्यंतच. मग दोन खांब झाले. मग एक दिवस खांब मोजायचेच राहिले. पुढच्या पावसाळ्यात जावयांनी आदरानं मला बूट आणून दिले. मी घेतले नाहीत. जावयाच्या घरचं घेत नसतात. शहागंजातून माझे मी आणले, अर्धं बोट मोठे निघाले, पुढं चिंधी कोंबून घातले. साडी सुटली, ड्रेस आला. पहिल्या दिवशी ड्रेस घालून कमलबाईंसमोर उभी राहिले तेव्हा मान वर होत नव्हती. त्या स्वतः सुनेचा ड्रेस घालून आल्या होत्या, दंडाला आवळलेला. म्हणाल्या, "मी पोत्यासारखी दिसायले व्हय? खरं सांगा." मी म्हणाले, "नाय, छान दिसतंय." खरं तर कसं सांगणार होते.

मला आठवतं ते हे सगळं थंडीतलंच. पावसाळ्यात पळलो असू, उन्हाळ्यातही पळलो असू, पण आठवणीत कायम थंडीच असते. पुलावरून दिसणारे दिवे धुक्यात पिवळे ओले होऊन लटकलेले. कोपऱ्यावर भट्टी पेटलेली. सात वाजता हातगाडीवर हिरव्या हरभऱ्याचे ढाळे यायचे, कमलबाई एक जुडी घ्यायच्या आणि सोलत सोलत घरी जायच्या. माझ्या हातात चार घाटे ठेवायच्या. ते मी खायचे. रस्त्यावर घेतलेलं त्यांच्या घरचं धरायचं नाही, असं मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मला त्यांच्यापेक्षा जोरात पळता येत होतं, खूप जोरात. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं मी काढणी झालेल्या ज्वारीच्या रानातून पळायचे. धसकटं पायाला टोचायची, तरी पाय कुठं पडायचा ते त्याचं त्याला कळायचं. चौथीत शाळेच्या पटांगणात सगळ्या पोरा-पोरींच्या पुढं जाऊन उभी राहिले होते आणि बाईंनी पाठीवर हात ठेवला होता. त्याच वर्षी बापानं शाळा सोडवली, मेंढरांमागं माणूस हवं होतं. मग लग्न झालं आणि तीस वर्षं मी कुठंही पळाले नाही. आता पुन्हा पळायला मिळालं तर पुढं कमलबाई. पळण्यापेक्षा पाय आवरून धरण्याचाच मला जास्त दम लागायचा. पण तेही चाललं असतं. तेवढ्यावरही मी खूश होते.

एकदा चुकले. पुलाच्या चढावर वारा समोरून येत होता, मान खाली घालून पळत होते आणि मला कळायच्या आत मी कमलबाईंच्या बरोबरीला आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, पण पाहिलं, आणि दात आवळून जोर लावला. मी लगेच मागं सरले. त्या दिवसापासून त्या रोज जोरात पळू लागल्या. त्यांना वाटत असणार, ही मागून रेटतेय. मला वाटायचं, त्यांना हौस आहे. त्यांचा वेग वाढला तसा मीही वाढवला, एक पाऊल मागं राहण्यापुरता. मी मागं पडले असते, धापा टाकल्या असत्या, तर त्या सावकाश झाल्या असत्या. ते तेव्हा सुचलं नाही.

शहरात पळण्याची स्पर्धा होती, संक्रांतीनंतरच्या रविवारी. कमलबाईंनी दोघींची नावं दिली. जावयांनी मोबाइलवर भरली. "पाच किलोमीटर," त्या मास्तरांना सांगत होत्या. "ह्या माझ्या इहीणबाई. दिसायला गरीब, पण मी थांबले की ह्या मला तुडवून जातील." मास्तर म्हणाले, "बघा बरं, घरी भांडणं नको व्हायला." कमलबाई म्हणाल्या, "भांडायला त्यांना तोंड कुठंय? वर्षानं समदं तोंड नेलंय." त्या हसत म्हणाल्या. मीही हसले.

वर्षाला तेव्हा दिवस गेले होते, तिसरा महिना. चार वर्षांनी.

मार्गशीर्ष संपत आला होता. आधी मला आवाज आला. त्यांचा डावा बूट टप् पडायचा आणि उजवा जरासा घासून. मग मी बघायला लागले. मागून पळणाऱ्या माणसाला सगळं दिसतं. उजवा गुडघा आत वळत होता. चढाला कमी, उताराला जास्त. चारपाच दिवसांत उजव्या बुटाची टाच एका बाजूनं झिजलेली दिसू लागली. पायरी चढताना त्या आधी डावाच पाय टाकू लागल्या. मी मेंढरांत वाढले. कळपात कुठलं मेंढरू पाय उचलून टाकतंय ते बाप मला शंभर पावलांवरून ओळखायला लावायचा. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

रोज घरून निघताना ठरवायचे, आज सांगू. इहीणबाई, तुमचा पाय वाकडा पडतोय, दाखवून घ्या. एवढे शब्द. पुलाच्या तोंडाशी यायचे आणि वाटायचं, त्या म्हणतील, माझ्या चालण्यात खोट काढायली. स्पर्धेच्या तोंडावर पाय ओढायली. वर्षाला तिसरा महिना. पुन्हा पिशवी घेऊन दारात उभी राहिली तर. मग मनाला सांगायचे, त्यांचा पाय आहे, दुखत असेल तर त्यांना कळत असेलच. मी सांगायची काय गरज.

एकदा आडून प्रयत्न केला. म्हणाले, "जरा बसू, मला दम लागला."

"तुम्हाला दम?" त्या वळून हसल्या. "मेंढरामागं पळणाऱ्या बाईला? मला वाटलं मीच आधी बसते काय की." त्या कठड्याला टेकल्या. गुडघ्यावर हात चोळत होत्या. माझी नजर त्या हातावर गेली, आणि त्यांनी हात काढून घेतला. एक मिनिटही झालं नसेल, "चला," म्हणाल्या. मी उठले. आपण आपल्याकडून केलं, असं मला तेव्हा वाटलं. घरी येऊन त्या समाधानात मी पोळ्या लाटल्या. ते समाधान आता आठवलं की मला माझाच राग येतो.

स्पर्धेच्या दिवशी खूप थंडी होती. सगळ्यांना सारखे पिवळे बनियन दिले होते, आम्ही ड्रेसवरून घातले. ढोल वाजत होते. कमलबाई लहान मुलीसारख्या इकडंतिकडं बघत होत्या. तीन किलोमीटर बरे गेले. त्या पुढं, मी मागं. आमच्या बाजूनं कितीतरी बायका पुढं गेल्या, त्यांना त्याचं काही नव्हतं. क्रांती चौकाचा पूल उतरताना त्यांचा उजवा पाय आत दुमडला. पडल्या नाहीत. दुभाजक धरून हळूच खाली बसल्या, जसं कुणी भाजी निवडायला बसावं तसं.

"तुम्ही जा," म्हणाल्या. "थांबू नका. मेडल घेऊन या दोघींचं."

मी त्यांच्याजवळ बसले. गुडघा हाताखाली फुगत चाललेला मला कळत होता.

दवाखान्यात जावई होते, वर्षा होती, मी होते. डॉक्टरांनी फोटो बघितला. गुडघ्यातली गादी फाटलीय म्हणाले. मग विचारलं, "हे एका दिवसाचं नाही. किती दिवस लंगडत होत्या?"

"लंगडत नव्हते," कमलबाई म्हणाल्या. "दुखायचं थोडं, पण मला वाटलं वयाचं दुखणं. ह्यांना विचारा की. ह्या रोज माझ्या मागं असायच्या."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. वर्षाचा हात तिच्या पोटावर होता.

"नाही," मी म्हणाले. "मला तसं काही दिसलं नाही."

डॉक्टर म्हणाले, दोन-तीन आठवडे आधी आला असता तर पट्ट्यावर आणि आरामावर भागलं असतं. कमलबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. कळलंच नाय तर कोण काय करणार."

ऑपरेशन झालं. त्या काठी घेऊन चालू लागल्या, पण पळणं तर सोडाच, गल्लीच्या तोंडापर्यंतही नीट जाता येईना. शुगर वाढली, गोळ्या वाढल्या. वर्षाला मुलगी झाली. रीत संपली. मी त्यांच्या घरी चहा पिऊ लागले. त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, "तुम्ही पळायचं सोडू नका. मी बसले म्हणून तुम्ही बी बसल्या तर मला पाप लागंल." मी पळत राहिले. पहिले काही महिने दंड भरल्यासारखं पळत होते. मग कधी ते अंगवळणी पडलं, मलाही कळलं नाही. आता एक दिवस चुकला तर अंग आंबल्यासारखं होतं. याचीही लाज वाटते. त्यांच्या पायातून गेलं ते माझ्या पायात राहिलं.

येताना रोज त्यांच्या फाटकाशी थांबायचे. त्या उन्हात खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. विचारायच्या, "पुलावर धुकं होतं का? मास्तर आले होते का? ढाळे आले का गाडीवर?" मी सगळं सांगायचे. मी बोलायला शिकले ती तिथं, त्या फाटकात. खांब किती लागले, कुणी नवीन आलं, कोण यायचं थांबलं. त्या डोळे मिटून ऐकायच्या. पाय जागच्या जागी हलवायच्या, डावा, उजवा.

काल त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही बसले सोलायला. शेजारच्या एक बाई आल्या होत्या, त्यांनाही चालायला सांगितलंय डॉक्टरांनी. कमलबाई त्यांना म्हणाल्या, "ह्यांच्यासोबत जा. ह्यांची नजर लई बारीक. मागं असल्या की काळजी नाय. रस्त्यात खडा असला तरी सांगायच्या मला. गुडघ्याचं तेवढं नशिबातच होतं. पाऊल वाकडं पडत असतं तर इहीणबाई बोलल्या असत्या की, म्हणून तर मी दुखणं मनावर घेतलं नाय."

शेजारीणबाई गेल्या. मी दोन शेंगा सोलल्या. तिसरी हातातच राहिली.

"मला दिसत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"तुमचा उजवा पाय. आत वळायचा. स्पर्धेच्या आधी वीस एक दिवस."

त्यांचा हात थांबला नाही. शेंगा सोलत राहिल्या. दाणे ताटात टणटण पडत होते.

"मंग बोलल्या कामून नाय?"

"भ्याले. वर्षाला दिवस होते. मिठाचं आठवत होतं."

"कसलं मीठ?"

मी सांगितलं. पंगत, वरण, पिशवी, चाळीस दिवस. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मिठाचं त्यांना काही आठवत नव्हतं. म्हणाल्या, "अवो, ती लग्न झाल्यापासून माहेरी राहिली नव्हती. तोंड वाळलं होतं पोरीचं. म्हणून धाडली होती मी. तुम्ही लवकर आणून सोडली म्हणून मलाच वाईट वाटलं होतं." खरंच तसं होतं का, का इतक्या वर्षांनी त्यांना तसं वाटतंय, ते आता कुणाला विचारणार. चाळीस दिवसांत ना त्यांनी एक शब्द धाडला, ना आम्ही विचारला. माझे मालक हात जोडायला गेले तेव्हा कमलबाईंना काय वाटलं असेल, हे काल पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

त्यांनी ताटातले दाणे हातानं सारखे केले. मग त्या म्हणाल्या, "इहीणबाई, सहा वर्षं सांगितलं नाय तर आता बी सांगायला नको होतं. कुणाच्याच हातात नव्हतं, एवढ्यावर मी बसून होते."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं, काठी घेतली आणि आत गेल्या. वर्षाला हाक मारली नाही. स्वतः चहा केला, कप आणून माझ्यासमोर ठेवला. नेहमीसारखी साखर घातली होती. मी प्याले. पुलावर धुकं होतं का, ते त्यांनी विचारलं नाही.

आज सकाळी फाटकाशी थांबले. खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. वर्षा बाहेर आली, म्हणाली, आत्या झोपल्यात. आठ वाजले होते. कमलबाई आयुष्यात कधी आठपर्यंत झोपलेल्या नाहीत. मी बरं म्हणाले.

त्याच्या आधी, पुलावर, मी एक करून पाहिलं होतं. कुणी नव्हतं. काका यायचे होते, मास्तर अजून खालीच होते. मी ओढणीची गाठ आवळली आणि जितकं पळता येतं तितकं पळून पाहिलं. आता कुणाच्या मागं राहायचं नव्हतं. पहिल्या खांबापर्यंत गेले, दुसऱ्यापर्यंत गेले. रानातून पळायचे तसा वारा कानात आला. तिसऱ्या खांबाशी पाय आपोआप सावकाश झाले. दम संपला नव्हता. पुन्हा जोर लावला, पुन्हा तसंच. मग मी खाली बघत पळू लागले आणि माझ्या लक्षात आलं, ही चाल माझी नाही. पहिल्या वर्षीच्या, निऱ्या उचलून नळासाठी पळणाऱ्या कमलबाईंचीही नाही. ती त्या शेवटच्या वीस दिवसांतली आहे. डावा पाय टप् पडतो, आणि उजव्याला जरासा उशीर होतो.